नोंद चौसष्ट घरांची : संघटित बुद्धिबळाचा वऱ्हाडातून पाहिलेला इतिहास

जिल्हा संघटनेच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हणजे पदाधिकाऱ्यांच्या पिढ्या, स्पर्धांची वर्षे आणि विजेत्यांची नावे, असा रिवाज आहे. तो तपशील ज्याच्या त्याच्या जागी असतोच. या लेखात मांडायची आहे ती जिल्हा संघटनेला अर्थ देणारी व्यवस्था. अमरावतीत किंवा अकोल्यात खेळलेला एखादा डाव जगाच्या यादीत जाऊन बसतो तो चार पायऱ्या चढून : जिल्हा संघटना, राज्य संघटना, अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ आणि फिडे हा जागतिक महासंघ. मधली एखादी पायरी निखळली तरी डाव रंगतो, निकाल लागतो, चषकही मिळतो. होत नाही ती फक्त नोंद. संघटित बुद्धिबळाचा सारा इतिहास या नोंदीभोवती फिरतो : ती कोणी करायची, कोणाची करायची आणि कोणाची नाकारायची.

एक पट, अनेक नियम

वऱ्हाडात बुद्धिबळ महासंघाने आणले नाही. वाड्याच्या ओसरीवर आणि देवळाच्या पारावर हा खेळ आधीपासून होता, पण तो देशी पद्धतीचा. त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला की बुर्ज झाली असे म्हणत. यातले बारकावेही गावोगावी वेगळे, म्हणून परगावचा खेळाडू समोर बसला की आधी नियम ठरवावे लागत आणि मग मोहरे मांडले जात.

अशा पद्धतीत थोर खेळाडू निपजतात, पण त्यांचे मोजमाप उरत नाही. पंजाबचे मीर सुलतान खान देशी खेळात वाढले आणि पाश्चात्त्य नियम शिकून 1929, 1932 आणि 1933 अशा तीन वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आले. फिडेने किताब देणे सुरू केले ते 1950 मध्ये, तोवर त्यांनी स्पर्धा खेळणे सोडले होते. 1966 मध्ये त्यांचे निधन झाले आणि सन्मान्य ग्रँडमास्टर हा किताब त्यांच्या नावापुढे लागला तो 2024 मध्ये.

1951 : महासंघ आणि बदलता नकाशा

फिडेची स्थापना 20 जुलै 1924 रोजी पॅरिसमध्ये झाली. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ 1951 मध्ये उभा राहिला. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 1955 मध्ये आंध्रातल्या एलुरू येथे झाली. महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांनी विजेतेपद विभागून घेतले. पुढच्याच वर्षी भारताचा संघ पहिल्यांदा ऑलिंपियाडला गेला, मॉस्कोला. 1961 मध्ये मॅन्युएल ॲरन हे भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झाले.

महासंघाने पहिले मोठे काम केले ते नियम एक करण्याचे. दुसरे काम रचनेचे. देशाचा महासंघ राज्य संघटनांचा, राज्य संघटना जिल्ह्यांची. ऐकायला ही रचना सरळ वाटते, पण वऱ्हाडच्या वाट्याला ती सरळ आली नाही. 1951 मध्ये अमरावती आणि अकोला हे जिल्हे मध्य प्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. खेळाडू जागचा हलला नाही, पण ज्या राज्याच्या निवडीतून त्याने वर जायचे ते राज्य पाच वर्षांच्या आत दोनदा बदलले. क्रिकेटमध्ये विदर्भाची वेगळी संघटना टिकली. बुद्धिबळात मात्र आपल्याकडची मुले महाराष्ट्राच्या नावाने राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. पुढे 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशीम वेगळा झाला आणि निवडीचा घटक म्हणून आणखी एक जिल्हा उभा राहिला.

या रचनेचा फायदा असा की कारंजा किंवा दर्यापूरच्या मुलाला पुण्या-मुंबईच्या मुलांशी पहिल्या दिवसापासून झुंजावे लागत नाही. जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत वरचे क्रमांक मिळाले की राज्याचे दार उघडते. राज्य आणि केंद्र शासनाच्या क्रीडा योजनाही याच रचनेला धरून चालतात. शासकीय नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळणीला जाते, तेव्हा ती स्पर्धा कोणत्या मान्यताप्राप्त संघटनेची होती, हेच आधी पाहिले जाते.

आकडा आला

निवडीची पायरी एवढेच सांगते की अमुक मुलगा आपल्या जिल्ह्यात पहिला आला. अकोल्याचा पहिला आणि चेन्नईचा पहिला यांत अंतर किती, हे तिला सांगता येत नाही. ते सांगण्याची रीत शोधली हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आर्पाड एलो यांनी. अमेरिकेच्या महासंघाने त्यांची पद्धत 1960 मध्ये स्वीकारली, फिडेने 1970 मध्ये. तेव्हापासून रेटिंगला त्यांचेच नाव चिकटले.

एलोंनी खेळाडूची थोरवी मोजली नाही. दोन खेळाडू समोरासमोर बसले तर कोणाला किती गुण मिळण्याची अपेक्षा धरावी, एवढेच त्यांनी मांडले. दोघांच्या रेटिंगमध्ये 100 चा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत सुमारे 64 गुण घ्यावेत, 200 चा असेल तर 76, 400 चा असेल तर 92. प्रत्यक्ष निकाल अपेक्षेहून बरा आला तर रेटिंग वाढते, वाईट आला तर घटते. किती, ते ठरवतो के नावाचा गुणक. नव्या खेळाडूला पहिले तीस डाव होईपर्यंत, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना रेटिंग 2300 च्या आत असेपर्यंत, के 40 असतो. इतरांना 20, आणि एकदा 2400 गाठले की 10.

आकडेमोड करून पाहू. 1500 रेटिंगची एक मुलगी 1700 च्या खेळाडूशी खेळते. तिच्याकडून अपेक्षा 0.24 गुणांची. जिंकली तर अपेक्षेहून 0.76 जास्त, गुणिले 40, म्हणजे 30.4 गुणांची वाढ. हरली तर 9.6 गुण जातात. म्हणून जाणता प्रशिक्षक पालकांना सांगतो, वरच्या पटावर हरलेला डाव स्वस्त असतो आणि खालच्या पटावर गमावलेला महाग.

सुरुवातीला या यादीत येणेच अवघड होते. पुरुषांसाठी 2200 ही खालची मर्यादा होती आणि रेटिंग मिळवायचे तर रेटिंगवाल्यांशी खेळावे लागे. ज्या शहरात रेटिंगवाला खेळाडूच नाही, तिथल्याने ते कुठून आणायचे? मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत 1000 पर्यंत आली, तेव्हा कुठे आपल्याकडच्या शाळकरी मुलांपर्यंत हा आकडा पोचला. आज पहिले रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या किमान पाच खेळाडूंशी डाव झालेले असावे लागतात.

नोंद कोणाच्या दप्तरी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. शेत शेतकरी कसतो, पण सातबारा तलाठ्याच्या दप्तरी असतो. रेटिंगचेही तसेच आहे. गुण खेळाडू कमावतो, पण स्पर्धेची आगाऊ नोंदणी, पात्र पंच, स्विस पद्धतीच्या जोड्या, निकालाची फाईल आणि ती फिडेकडे धाडणे, हे सारे महासंघाच्या हातून होते. खेळाडूचा फिडे क्रमांकसुद्धा देशाच्या महासंघामार्फत निघतो. विश्वनाथन आनंद यांचा 5000017 हा क्रमांक भारताच्या जुन्या मालिकेतला आहे. नोंद ज्याच्या हाती, त्याच्या हाती दारही. ते दार कधी उघडले आणि कधी लागले, हे मराठी मुलखाने जवळून पाहिले आहे.

1976 मध्ये तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी तोवर महिलांच्या बुद्धिबळात नाव मिळवले होते. 1974 ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली होती. पण मुलगी पुरुषांमध्ये खेळणार म्हटल्यावर वादळ उठले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. निकाल रोहिणीच्या बाजूने लागला. फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनीही स्पष्ट केले की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. रोहिणी 1981 मध्ये आशियाई विजेती झाली. आज आपल्याकडच्या खुल्या स्पर्धेत मुली मुलांसमोर बसतात, त्यात कोणाला काही वेगळे वाटत नाही. त्या साधेपणामागे हा निकाल आहे.

दुसरे प्रकरण खेळाडूंच्या स्वातंत्र्याचे. महासंघाची मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणार नाही, असे खेळाडूंकडून लिहून घेतले जाई. 2010 च्या सुमारास एका प्रतिस्पर्धी संघटनेच्या स्पर्धेत खेळलेल्यांवर कारवाई झाली. त्यांपैकी काही जण भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेले. एरवी हा आयोग मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीची प्रकरणे हाताळतो. जुलै 2018 मध्ये त्याने महासंघाला दोषी धरले, सुमारे 6 लाख 92 हजार रुपयांचा दंड केला आणि शिस्तभंगाची कारवाई करण्याआधी खेळाडूच्या वागण्याने खेळाचे नुकसान काय झाले ते दाखवा, असे बजावले. बनावट स्पर्धांपासून खेळाला जपणे हे महासंघाचे कामच आहे. पण त्या नावाखाली खेळाडूची रोजीरोटी अडवता येत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट केले.

तिसरे प्रकरण थेट आपल्या राज्य संघटनेचे. महासंघ आणि महाराष्ट्र चेस असोसिएशन यांच्यात संलग्नतेवरून वाद पेटला. महासंघाच्या घटनेत कलम होते की महासंघाविरुद्ध दाद मागायची ती चेन्नईच्याच न्यायालयात. मुंबई उच्च न्यायालयाने त्या कलमावर बोट ठेवून याचिका ऐकण्यास नकार दिला. 29 जुलै 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती इंदिरा बॅनर्जी यांच्या पीठाने सांगितले की संविधानाने उच्च न्यायालयाला दिलेला अधिकार एखाद्या संस्थेच्या घटनेतल्या कलमाने काढून घेता येत नाही. निकाल होता तो केवळ अधिकारक्षेत्राचा. तरी त्याचा अर्थ वऱ्हाडातल्या माणसाला चटकन कळतो. उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ अमरावतीपासून दीडशे किलोमीटरवर आहे. चेन्नई दोन राज्ये ओलांडून.

या तीन प्रकरणांत महासंघ खलनायक ठरतो असे नाही. महासंघ नसता तर 1955 ची एलुरू नसती, मॉस्को नसते आणि रेटिंगही नसते. अशा संस्थेचे नियम लेखी, उघडे आणि आव्हान देता येतील असे असावे लागतात, एवढाच धडा यातून घ्यायचा आहे.

अमरावतीचा ग्रँडमास्टर

आनंद 1988 मध्ये भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले. महाराष्ट्राला पहिला ग्रँडमास्टर मिळाला 1997 मध्ये, प्रवीण ठिपसे यांच्या रूपाने. विदर्भात नागपूरच्या अनुप देशमुखांनी इंटरनॅशनल मास्टरपर्यंतची वाट पाडली. वऱ्हाडची मान उंच केली ती अमरावतीच्या स्वप्नील धोपाडे यांनी. 1990 मध्ये जन्मलेल्या स्वप्नील यांनी ग्रँडमास्टर किताब मिळवला.

हा किताब जिल्ह्यात बसून का मिळत नाही, ते नियम पाहिले की कळते. रेटिंग 2500 गाठावे लागते आणि त्याशिवाय नॉर्म लागतात, एकूण किमान 27 डावांचे. नॉर्मसाठी स्पर्धेतली कामगिरी 2600 च्या दर्जाची हवी, प्रतिस्पर्ध्यांपैकी किमान एक तृतीयांश ग्रँडमास्टर हवेत आणि परदेशी महासंघांचे खेळाडूही समोर हवेत. असा मेळ बडनेऱ्याला गाडी पकडून बाहेर पडल्याशिवाय जमत नाही. म्हणून वऱ्हाडातून ग्रँडमास्टर होण्यात खेळाइतकाच प्रवासाचा, खर्चाचा आणि घरच्यांच्या सोशिकतेचा वाटा असतो.

स्वप्नील यांचे दुसरे काम प्रशिक्षकाचे. नागपूरचा रौनक साधवानी 2019 मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, त्या घडणीच्या काळात स्वप्नील त्याचे प्रशिक्षक होते. 2021 मध्ये नागपूरच्याच संकल्प गुप्तालाही किताब मिळाला. अमरावतीत मिळवलेले ज्ञान नागपुरात फळले, आणि विदर्भाची ही साखळी संघटनेच्या कागदावर नसली तरी पटावर आहे, हे त्यातून दिसले.

नियमांची दुसरी बाजू दाखवली नागपूरच्या दिव्या देशमुखने. 2024 मध्ये तिने गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींचे जागतिक अजिंक्यपद जिंकले आणि बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सांघिक व वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातल्या बाटुमी येथे कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला. तोवर तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. फिडेच्या नियमानुसार विश्वचषक विजेतीला किताब थेट मिळतो. त्या एका स्पर्धेने ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली.

2024 चा फेरफार आणि आपले तळे

1 मार्च 2024 रोजी अनेक घरांत मुलांचे रेटिंग रातोरात वाढलेले दिसले. पेढे वाटण्यासारखे त्यात काही नव्हते. फिडेने खालची मर्यादा 1000 वरून 1400 केली होती आणि 2000 च्या खालच्या प्रत्येकाला, 2000 पर्यंत जेवढे कमी पडत होते त्याच्या 40 टक्के गुण एकदाच वाढवून दिले होते. 1200 चे 1520 झाले, 1500 चे 1700, 1800 चे 1880. खेळ तोच, क्रमही तोच. फक्त अंतरे आवळली.

असे का करावे लागले, ते जिल्हा पातळीवर काम करणाऱ्यांनी नीट समजून घ्यावे. दोघांचा के सारखा असेल तर एकाला मिळालेले गुण दुसऱ्याच्या खात्यातून आलेले असतात. एकाच गावची मुले वर्षानुवर्षे आपापसांतच खेळली तर त्यांचे बंद तळे होते : सर्वांचा खेळ सुधारतो, पण एकूण गुण वाढत नाहीत. बाहेरून ती मुले दुबळी दिसतात. मग 1300 चा अकोलेकर मुंबईत 1700 च्या प्रौढ खेळाडूला हरवायचा आणि तिथले लोक म्हणायचे, विदर्भाची पोरे रेटिंगपेक्षा फार भारी. हे कौतुक नसून आपल्या संघटनकार्यातली उणीव आहे. बाहेरचे रेटिंगवाले खेळाडू आपल्याकडे येत नाहीत आणि आपली मुले पुरेशी बाहेर जात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. 2024 चा फेरफार अशी तुंबलेली तळी एकदा भरून देतो. ती पुन्हा तुंबू नयेत, हे काम फिडेचे नाही.

जिल्हा संघटनेचे काम

ते काम आपले आहे. अमरावती आणि अकोला यांत शंभरेक किलोमीटरचे अंतर आहे. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने वर्षाला एकेक फिडे रेटिंग स्पर्धा भरवली आणि यवतमाळ, बुलढाणा, वाशीमसह मराठवाड्याच्या आणि खानदेशाच्या खेळाडूंना आग्रहाने बोलावले, तर अकोल्याहून सुमारे 580 किलोमीटरवरच्या मुंबईची वारी थोडी कमी होईल. आलेले रेटिंगवाले खेळाडू आपल्या नव्या मुलांना पहिले पाच डाव इथेच मिळवून देतील.

दुसरी गरज पंचांची. उत्तम खेळाडू घडवायला दहा वर्षे लागतात. परीक्षा देऊन पंच तयार व्हायला त्याहून फार कमी. शाळेतले क्रीडा शिक्षक, महाविद्यालयातले जुने खेळाडू आणि स्पर्धेच्या हॉलबाहेर दिवसदिवस बसणारे पालक, यांतून ते मिळतील. स्त्री पंचांची संख्या वाढली तर मुलींच्या पालकांचा विश्वास आपोआप वाढेल.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. निवडीचे निकष स्पर्धेआधी लेखी जाहीर करणे, निकाल त्याच दिवशी फलकावर लावणे, प्रवेश शुल्काचा हिशेब सभासदांपुढे ठेवणे आणि तक्रार कोणाकडे, किती दिवसांत करायची ते सांगणे. राष्ट्रीय महासंघाला जे आयोगाकडून आणि न्यायालयांकडून ऐकावे लागले, ते जिल्हा संघटनेला आपणहून पाळता येते. हे पाळणाऱ्या संघटनेचा पराभूत खेळाडूही पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवतो, आणि संघटना टिकते ती अशा परत येणाऱ्या खेळाडूंवर.